दारिद्र्य आणि जागतिक विकास : राज्यशास्त्राचा हा पेपर घ्यावा का, आणि घेतला तर कसा करावा?

अर्धविराम (धागाकर्ता)

ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला हा ऐच्छिक पेपर आहे. २० क्रेडिट, ११ आठवडे, दर आठवड्याला एक तास व्याख्यान आणि एक तास सेमिनार. लेखी परीक्षा नाही. १,५०० शब्दांचं धोरण-टिपण (४०%) आणि २,५०० शब्दांचा निबंध (६०%). निवड पक्की करायला दोन आठवडे आहेत.

प्रश्न असे : अर्थशास्त्र बारावीनंतर सुटलं असेल तर झेपेल का? गणित किती लागतं? वाचन कुठून सुरू करावं? आणि भारतातली, त्यातही महाराष्ट्रातली उदाहरणं निबंधात चालतात का, की 'जागतिक' म्हणजे आफ्रिकेवरच लिहायचं?

---

खडू-डस्टर

गणिताची धास्ती नको. टक्केवारी, सरासरी आणि मध्यक यांतला फरक, आणि आलेखाच्या दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय ते आधी वाचायची सवय, एवढ्यावर भागतं.

हिशोब करायचा तो वेळेचा. ब्रिटनमध्ये १ क्रेडिट म्हणजे १० तासांचं काम, म्हणजे हा पेपर २०० तासांचा. त्यातले वर्गात २२. उरले १७८. आठवड्याला ८ तास वाचन धरलं तर ८८, टिपणाला ३५, निबंधाला ५५. भारतातल्या ४ क्रेडिटच्या पेपरशी तुलना करताना इथेच गफलत होते. तिकडे १ क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, त्यामुळे ६० तास शिक्षक समोर असतो आणि बरंचसं भरवतो. इकडे व्याख्यान म्हणजे रस्त्यावरची पाटी, चालायचं आपलं आपण.

वाचनाच्या यादीत 'आवश्यक' म्हणून दोन-तीन लेख असतात, सगळे मिळून ६०-७० पानं. खाली 'पूरक' म्हणून पंचवीस नावं असतात, ती निबंधासाठी. दर आठवड्याला पूरक यादी संपवायला निघालेले चौथ्या आठवड्यापर्यंत गळतात. प्रत्येक लेखावर अर्धं पान टिपण काढा : लेखक कुणाशी भांडतोय, पुरावा कुठल्या देशाचा आणि कुठल्या काळाचा, आणि तो कुठे तोकडा पडतो. यातलं तिसरं जमलं की सेमिनारमध्ये बोलायला मुद्दा तयार.

आठवड्यांचा क्रम बहुतेक ठिकाणी असा : दारिद्र्य म्हणजे काय आणि ते कसं मोजतात, वसाहतवादाचा वारसा, आधुनिकीकरण विरुद्ध परावलंबन (गरीब देश श्रीमंतांच्याच वाटेने पुढे जातील, की श्रीमंतांवर अवलंबून राहिल्यामुळेच गरीब राहतात), पूर्व आशियातली सरकारं, कर्ज आणि संरचनात्मक समायोजन (कर्जाच्या बदल्यात घातलेल्या आर्थिक बदलांच्या अटी), परकीय मदत, दुष्काळ आणि अन्न, लिंगभाव, शाश्वत विकास उद्दिष्टं, आणि अलीकडे यादृच्छिक प्रयोग (चिठ्ठ्या टाकून काहींना योजना द्यायची, काहींना नाही, आणि फरक मोजायचा). पहिले दोन आठवडे मुलांना रटाळ वाटतात. गंमत म्हणजे निबंधात मार्क जातात ते बहुतेक याच दोन आठवड्यांतलं न समजल्याने.

---

मोजपट्टी

खडू-डस्टर यांच्या शेवटच्या वाक्याला धरून. 'दिवसाला एक डॉलर' ही रेषा जागतिक बँकेने १९९० च्या अहवालात आणली. पुढे ती १.२५ झाली (२००५ च्या किमतींवर), १.९० झाली (२०११), २.१५ झाली (२०१७), आणि जून २०२५ पासून ३ डॉलर आहे (२०२१ च्या किमतींवर). कंसातलं वर्ष शोभेचं नाही. त्या वर्षीच्या क्रयशक्ती समतेवर ती रेषा उभी असते.

निबंधांत हमखास दिसणारी चूक : ३ गुणिले बाजारातला डॉलरचा भाव. ८५ ने गुणलं तर २५५ रुपये येतात आणि विद्यार्थी लिहून मोकळा होतो की भारतात दिवसाला २५५ रुपयांखाली जगणारा प्रत्येकजण अतिगरीब. चूक. क्रयशक्ती समता म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढंच भारतात विकत घ्यायला किती रुपये लागतात ते, आणि २०२१ साठी तो आकडा वीस रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे ३ डॉलरची रेषा भारतात माणशी दिवसाला साधारण ६० रुपये, तेही २०२१ च्या किमतीत. केशकर्तनालय, रिक्षा, घरभाडं हे देशाबाहेर विकता येत नाही, म्हणून ते गरीब देशात स्वस्त असतं. सगळा फरक तिथून येतो.

दुसरी चूक याहून घातक. जुन्या लेखातला १.९० चा आकडा आणि नव्या अहवालातला ३ चा आकडा शेजारी ठेवून 'दारिद्र्य वाढलं' म्हणणं. २.१५ च्या रेषेने भारतातलं अतिदारिद्र्य २०११-१२ मध्ये १६.२% आणि २०२२-२३ मध्ये २.३%. ३ च्या रेषेने त्याच दोन वर्षांचे आकडे २७.१% आणि ५.३%. माणसं तीच, पाहणी तीच, रेषा वेगळी. एका निबंधात एकच रेषा, आणि ती कुठली हे पहिल्याच परिच्छेदात सांगायचं.

---

उंबरठा

पण हे सगळं अर्थशास्त्र झालं ना? राज्यशास्त्राच्या पेपरात रेषेचा काय संबंध?

---

मोजपट्टी

रेषा कुठे ओढायची हे कुणीतरी ठरवतं. तिथेच राज्यशास्त्र सुरू होतं.

तेंडुलकर समितीचं उदाहरण घ्या. २००४-०५ साठी भारतातलं दारिद्र्य जुन्या पद्धतीने २७.५% होतं. २००९ मध्ये समितीने अहवाल दिला, उष्मांकांचा आधार (ठरावीक उष्मांक मिळतील एवढा खर्च म्हणजे रेषा) सोडला, शहरी उपभोगाची टोपली घेऊन तीच किमतींचा फरक धरून ग्रामीण भागाला लावली, आणि त्याच वर्षाचा आकडा ३७.२% झाला. एका अहवालाने जवळपास दहा टक्के लोक गरीब ठरले आणि कुणाच्या ताटातली एक भाकरीही कमी झाली नाही.

पुढचं तर आणखी बोलकं आहे. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं : शहरात माणशी दिवसाला ३२ रुपये, खेड्यात २६. वर्तमानपत्रांनी आयोगाला फाडून खाल्लं. २०१२ मध्ये रंगराजन समिती नेमली गेली. २०१४ च्या तिच्या अहवालात २०११-१२ साठी शहरी रेषा महिन्याला १,४०७ रुपये आणि ग्रामीण ९७२, म्हणजे दिवसाला ४७ आणि ३२. तेंडुलकर पद्धतीने त्याच वर्षासाठी १,००० आणि ८१६ होते. गरिबांचं प्रमाण २१.९% वरून २९.५% वर गेलं, माणसांत मोजलं तर सुमारे २७ कोटींवरून ३६ कोटींवर. रेशन, घरकुल, शिष्यवृत्ती यांची यादी रेषेला बांधलेली असेल तर हे ९ कोटी लोक कुठल्या बाजूला पडतात, हा प्रश्न अर्थशास्त्राचा की सत्तेचा?

---

पाणंद

वरच्याला पुरवणी. धागाकर्त्याने महाराष्ट्राचं विचारलंय म्हणून.

दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकातच माणशी वर्षाला किती रुपये लागतात हे काढलं होतं, प्रांताप्रांताने १६ ते ३५ रुपये. त्यासाठी कैद्यांना मिळणाऱ्या शिध्यासारखी सरकारचीच कागदपत्रं वापरली. युक्तिवादाची धार तिथे आहे : सरकार तुरुंगातल्या माणसाला जगायला जेवढं देतं, तेवढंही बाहेरच्या प्रजेच्या वाट्याला येत नाही. 'जागतिक विकास' शिकताना हे उदाहरण दुसऱ्या आठवड्यात चपखल बसतं, आणि ब्रिटनमधल्या वाचन याद्यांत ते सहसा नसतं.

१९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेत बसून केलेला अभ्यास ही पुढची पायरी. दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला १९६०-६१ च्या किमतीत खेड्यात माणशी महिन्याला १५ रुपये आणि शहरात २२.५० रुपये. पुढच्या अधिकृत रेषांनी उष्मांकांची कल्पना उचलली (१९७९ च्या कार्यगटाने खेड्यात २,४००, शहरात २,१००) आणि ती तेंडुलकरांपर्यंत टिकली.

आणि एक तांत्रिक खोच. खर्च विचारताना किती दिवसांचा विचारता यावर उत्तर बदलतं. 'गेल्या ३० दिवसांत भाजीवर किती?' असं विचारलं की माणूस विसरतो, 'गेल्या ७ दिवसांत' विचारलं की जास्त आठवतं. कपडे, चपला, शाळेची फी वर्षाची विचारली तर गरिबांचा खर्च वर सरकतो, कारण महिन्याच्या हिशोबात बहुतेकांचा तो शून्य येतो. रेषेखाली किती हे ज्यावरून काढतात त्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीत अन्नासाठी ७ आणि ३० दिवसांचे रकाने एकाच पानावर शेजारी दिले. लोकांनी, किंवा पाहणी करणाऱ्यांनी, दोन्ही आकडे जुळवून घेतले, ३० दिवसांचा आकडा फुगला आणि दारिद्र्य खरं तर जेवढं कमी झालं असेल त्याहून जास्त घसरलेलं दिसलं. त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. २०१७-१८ ची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०२२-२३ ला प्रश्नावली तीन भागांत तोडून तीन वेगवेगळ्या भेटींत विचारली, म्हणून २०११-१२ शी तुलना जपून करा असं जागतिक बँकही म्हणते. मोजपट्टींनी दिलेले २७.१ आणि ५.३ वापरताना ही ओळ सोबत लिहायला विसरू नका. परीक्षक तीच शोधत असतो.

---

उंबरठा

आलं लक्षात. मग बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाचं काय? तो रेषेपेक्षा चांगला ना? सगळीकडे हल्ली तोच दिसतो.

---

मोजपट्टी

चांगला की वाईट हे तुम्ही विचारताय काय त्यावर. एकदा हाताने सोडवून बघा, म्हणजे कळेल.

जागतिक निर्देशांकात (२०१० पासून) तीन अंगं, प्रत्येकाला १/३ वजन. आरोग्यात दोन निकष : पोषण आणि बालमृत्यू, प्रत्येकी १/६. शिक्षणात दोन : घरात कुणी सहा वर्षं शाळा पुरी केली का, आणि शाळेच्या वयाची मुलं शाळेत जातात का, प्रत्येकी १/६. राहणीमानात सहा : इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, वस्तू, प्रत्येकी १/१८. वंचनांची बेरीज १/३ किंवा जास्त झाली की ते अख्खं कुटुंब गरीब.

आता पाच जणांचं घर घ्या. चूल लाकडावर, शौचालय नाही, जमीन मातीची : ३/१८. एक मूल कुपोषित : १/६, म्हणजे आणखी ३/१८. बेरीज ६/१८, बरोबर १/३. पाचही जण गरीब. उद्या घरात गॅस आला आणि स्वयंपाक मुख्यतः त्यावर होऊ लागला. बेरीज ५/१८, म्हणजे २७.८%. पाचही जण यादीबाहेर. मूल तसंच कुपोषित आहे.

इथे 'मुख्यतः' या शब्दावर बोट ठेवा. निकष जोडणी विचारत नाही, स्वयंपाक कशावर होतो ते विचारतो. सिलिंडर कोपऱ्यात रिकामा आणि चूल पेटलेली, तर वंचना कायम.

निर्देशांक = गरिबांचं प्रमाण × गरिबांच्या वंचनेची सरासरी तीव्रता. नीती आयोगाच्या भारतीय आवृत्तीत १० ऐवजी १२ निकष आहेत, मातृआरोग्य आणि बँक खातं वाढवलेलं. त्यानुसार २०१५-१६ मध्ये २४.८५% आणि २०१९-२१ मध्ये १४.९६%. जनधननंतर बँक खात्याचा निकष घेतला की आकडा कुठल्या दिशेला जाणार हे सांगायला अभ्यास लागत नाही. पण म्हणून सगळी सुधारणा खोटी असंही नाही : शौचालय, इंधन, वीज यांत फरक खराच पडला. टिपणात दोन्ही बाजू मांडल्या तरच मार्क.

---

तिरकस रेघ

धागा वाचून वाटेल की हा संख्याशास्त्राचा पेपर आहे. अहो, गरीब मोजण्याच्या नादात गरीब *केलं* कुणी हा प्रश्नच बाजूला राहतो. परावलंबनाचा विचार, व्यापाराच्या अटी (निर्यातीच्या बदल्यात किती आयात मिळते), कर्ज, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतली मतं, हे पेपराचं काळीज आहे. रेषा ४७ वर ओढा नाहीतर ३२ वर, तांबं विकून यंत्रं आणणाऱ्या देशाला त्याने काय फरक पडतो?

---

खडू-डस्टर

काळीज वगैरे मान्य, पण कर्जाचा आठवडा अंगावर येतो तो तपशील नसल्यामुळे. 'नाणेनिधी गरीब देशांना पिळतो' हे वाक्य वर्षानुवर्षं निबंधांत येतं आणि वर्षानुवर्षं पन्नासच्या घरात मार्क घेतं. ते खरं असू शकतं. पण कसं, ते दाखवायला हवं.

प्रेबिश आणि सिंगर या अर्थतज्ज्ञांनी १९५० मध्ये मांडलेलं घ्या : कच्च्या मालाच्या किमती कारखानी मालाच्या तुलनेत दीर्घकाळात घसरतात. त्याला धरून झांबिया. निर्यातीत तांब्याचा मोठा वाटा. किमती चढत्या असताना डॉलरमधले रोखे विकून कर्ज घेतलं, तांबं उतरलं, क्वाचा (तिथलं चलन) घसरला, म्हणजे देशी चलनात तेच कर्ज आपोआप फुगलं. नोव्हेंबर २०२० मध्ये सव्वाचार कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि देश थकबाकीदार झाला. सरकारी सावकारांशी तत्त्वतः समझोता व्हायला २०२३ चा जून उजाडला, रोखेधारकांशी २०२४. उशीर का? १९८० च्या दशकात सावकार म्हणजे पॅरिस क्लबमधली (कर्ज देणाऱ्या देशांचा गट) सरकारं आणि मोठ्या बँका, एका खोलीत मावणारे. आता चिनी बँका, खासगी रोखेधारक आणि जुनी सरकारं, आणि प्रत्येकाला भीती की आपण सूट दिली तर ती दुसऱ्याच्या खिशात जाईल. असं लिहिलंत की 'पिळतो' हा शब्द न वापरताही मुद्दा पोचतो.

मतांचं : नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५% मतं लागतात आणि अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत. वजाबाकी करा, नकाराधिकार कुठे लिहिलेला नसूनही आहे. जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकी आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपीय, हाही अलिखित रिवाज. (अवांतर : बँकेचे अजय बांगा जन्माने खडकीचे. पण २०२३ मध्ये त्यांचं नाव पुढे केलं ते अमेरिकेने, अमेरिकी नागरिक म्हणून. रिवाज मोडला नाही.)

---

तिरकस रेघ

झांबियाचं पटलं. मागे घेत नाही, पण पटलं.

---

पाणंद

दुष्काळाच्या आठवड्याबद्दल, कारण तिथे महाराष्ट्राचं उदाहरण नुसतं चालत नाही, ते मूळ वाङ्मयातच आहे.

अमर्त्य सेन यांचा मुद्दा असा की दुष्काळात माणसं मरतात ती अन्न संपल्यामुळेच असं नाही, अन्नावरचा हक्क संपल्यामुळेही मरतात. १९४३ च्या बंगालमध्ये धान्याचा पुरवठा १९४१ पेक्षा जास्त होता असा त्यांचा हिशोब. मजुरी जागच्या जागी आणि तांदूळ आभाळाला, म्हणून शेतमजूर, कोळी, नावाडी आधी गेले. (या हिशोबाला आव्हान देणारेही आहेत. पिकांवरच्या रोगाचा मुद्दा त्यात येतो. निबंधात तो घ्या.)

१९७२-७३ चा महाराष्ट्र याची उलटी बाजू. पिकं बुडाली, पण सरकारने दुष्काळी कामं काढली : पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख माणसं कामावर होती. हातात मजुरी आली, धान्य बाजाराने ओढून आणलं. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आलेली रोजगार हमी योजना त्यातून पक्की झाली, १९७७ चा कायदा झाला, आणि २००५ चा केंद्राचा कायदा त्याच वाटेने आला.

राज्यशास्त्राला रस कशात? पैसा आला कुठून यात. नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून. मुंबई-पुण्याच्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी कर भरायला संमती का दिली, बागायतदारांनी योजनेला विरोध का केला नाही (तलावाचं पाणी आणि रस्ता त्यांच्याही शेताला गेला), आणि १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झाल्यावर कामावरची हजेरी कशी घटली, काम मागूनही मिळेनासं कसं झालं. हमी कागदावर होती तशीच होती, अंदाजपत्रक मात्र तेवढंच. एवढ्या एका योजनेवर २,५०० शब्द अपुरे पडतात.

---

अर्धविराम

फारच उपयोगी. आता टिपणाबद्दल विचारतो. विषय 'ब्रिटनची परकीय मदत' असा मिळण्याची शक्यता आहे. धोरण-टिपण आणि निबंध यांत नेमका फरक काय?

---

खडू-डस्टर

टिपण एका नेमक्या माणसाला लिहायचं असतं. 'सरकारने करावं' असं नाही. कुठला मंत्री, कुठली समिती, तिच्या हातात काय आहे. १,५०० शब्द असे वाटा : शिफारस सगळ्यात वर, १०० शब्दांत, समस्या ३५०, दोन पर्याय ५००, शिफारशीची अंमलबजावणी ३००, खर्च आणि धोके २५०. परिचयात जगातल्या गरिबीचं वर्णन आलं की ते टिपण राहत नाही.

कच्चा माल : राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७% हे लक्ष्य १९७० च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावातलं. ब्रिटनने २०१३ मध्ये ते गाठलं, २०१५ मध्ये कायद्यात घातलं, २०२१ मध्ये ०.५ वर आणलं, आणि २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. कायदा असताना कपात कशी होते? कायदा मंत्र्याला लक्ष्य चुकल्याचा खुलासा संसदेपुढे ठेवायला सांगतो, बस.

सगळ्यात जास्त चुकतं ते 'मदत म्हणजे परदेशात गेलेला पैसा' हे गृहीत धरल्याने. निर्वासितांवर पहिल्या बारा महिन्यांत देणगीदार देशातच झालेला खर्चही मदतीत धरता येतो. म्हणजे हॉटेलचं बिल लंडनमध्ये आणि नोंद परकीय मदतीत. टक्केवारी लिहिताना हा भाग वेगळा काढून दाखवला की परीक्षक जागा होतो.

आणि पर्गाऊ धरण वाचा. मलेशियातल्या या धरणाला ब्रिटनने २३ कोटी ४० लाख पौंडांची मदत दिली, प्रकल्प परवडणारा नाही असं मदत खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने लिहून दिलं असताना. मागे शस्त्रविक्रीचा सौदा होता. १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. २००२ च्या कायद्यात मदतीचा हेतू दारिद्र्य कमी करणं हाच हवा असं आलं, त्यामागे हे प्रकरण आहे.

---

उंबरठा

यादृच्छिक प्रयोगांचा आठवडा शेवटी येतो, तोवर सगळे दमलेले. सोडला तर चालेल का?

---

मोजपट्टी

नका सोडू, सोपा आहे आणि वादाला उत्तम. उदयपूर जिल्ह्यातला लसीकरणाचा प्रयोग घ्या, १३४ गावं. काही गावांत काहीच वेगळं नाही : पूर्ण लसीकरण ६%. काही गावांत दर महिन्याला न चुकता शिबिर : १८%. काहींत शिबिर आणि प्रत्येक लशीमागे किलोभर डाळ, सगळ्या लशी झाल्या की ताटांचा संच : ३९%. डाळ देऊनही प्रत्येक बाळामागचा खर्च कमी झाला, कारण परिचारिका दिवसभर बसणारच होती, आता तिच्यापुढे रांग होती.

प्रश्न विचारायचा तो पुढे. सरकारी उपकेंद्राला कुलूप का असायचं, हे या प्रयोगाने कळतं का? नाही, त्याने ते विचारलंच नव्हतं. डाळ वाटल्याने काय होतं याचं उत्तर भक्कम आहे, आणि दार उघडं ठेवण्याची जबाबदारी कुणाची हा राजकीय प्रश्न तसाच उरतो. या एका ओळीभोवती सेमिनारचा तास जातो.

---

तिरकस रेघ

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर माझ्याकडूनही एक. असमानतेचा गिनी गुणांक (० म्हणजे सगळे समान, १०० म्हणजे सगळं एकाकडे). २०२५ मध्ये भारत जगातला चौथा सर्वात समान देश असल्याची सरकारी बातमी झाली, गिनी २५.५. हा आकडा *उपभोगाचा*. लॅटिन अमेरिका, युरोप यांचे आकडे उत्पन्नाचे. श्रीमंत माणूस सगळं उत्पन्न खात नाही, साठवतो, म्हणून उपभोगाची असमानता सहसा कमी दिसते. जागतिक बँकेच्या दारिद्र्य-विषमता संकेतस्थळावरून तक्ता उतरवताना 'उत्पन्न की उपभोग' असा रकाना असतो. तो न बघता दोन देश शेजारी ठेवू नका. मला संख्याशास्त्र आवडत नाही म्हणजे येत नाही असं नाही.

---

अर्धविराम

पेपर घेतोय. निबंधाचा प्रश्न स्वतः ठरवता येतो. विचार असा आहे : 'जागतिक संस्थांमुळे भारतातलं दारिद्र्य कमी झालं का?'

---

खडू-डस्टर

यावर प्रबंध होईल, निबंध नाही. 'जागतिक संस्था' किती, काळ कुठला, 'मुळे' सिद्ध कसं करणार? एक देश, एक काळ, एक निर्णय. या धाग्यातच विषय पडलाय : '२०११ ते २०१४ या काळात भारतातली दारिद्र्यरेषा बदलण्याची हालचाल मोजमापातल्या त्रुटींमुळे झाली की राजकीय दबावामुळे?'

वाटणी : २५० शब्दांत प्रश्न आणि तुमचं उत्तर (उत्तर शेवटी राखून ठेवायचं नसतं), ४०० मध्ये तेंडुलकर रेषा कशी बनली, ७०० मोजमापाचा युक्तिवाद, ७०० राजकीय दबावाचा, ३०० तुमच्या उत्तरावरचा सगळ्यात कडक आक्षेप, १५० समारोप. मूळ अहवाल दोन्ही वाचा. सारांशावरून लिहिलेलं लगेच कळतं, कारण सारांशात टोपली कशी निवडली ते नसतं.

---

अर्धविराम

एक शंका. रंगराजन समितीची रेषा सरकारने अधिकृतपणे स्वीकारलीच नाही ना? मग दबावाचा युक्तिवाद लंगडा पडत नाही का? समारोपात टाकू?

---

पाणंद

समारोपात नको, वाया जाईल. आक्षेपाच्या ३०० शब्दांत घ्या. समिती एका सरकारने नेमली, अहवाल जून २०१४ च्या अखेरीस दुसऱ्या सरकारच्या हाती पडला, आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला. दबावाने समिती नेमली जाऊ शकते, पण रेषा स्वीकारायला वेगळी ताकद लागते. ती तेव्हा कुणाकडे होती, आणि रेषा नसण्यात कुणाची सोय होती, एवढं दाखवा. ३०० पुरत नसतील तर मोजमापाच्या भागातले १०० कापा, तिथे नाहीतरी पाल्हाळ होतोच.